दारावरून परत गेलेल्यांचं विद्यापीठ



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आयुष्यभर शाळेत शिकवत राहिले. त्यांच्या नावाने बोलताना विषय शिक्षणाचा असावा, हे ओघानंच आलं. पण आज मी बोलणार आहे ते फार दूरच्या एका विद्यापीठाबद्दल. अमेरिकेत बोस्टन शहराच्या पश्चिमेला, सुमारे पंधरा किलोमीटरवर, वॉल्थम नावाचं गाव आहे. एके काळी घड्याळांच्या कारखान्यासाठी ते नावाजलेलं होतं, आज बोस्टनचं उपनगर म्हणून ओळखलं जातं. तिथे १९४८ साली एक खासगी विद्यापीठ सुरू झालं. नाव ब्रँडाइस. पहिल्या वर्षी विद्यार्थी १०७ आणि अध्यापक डझनभरापेक्षा थोडे अधिक.

तुम्ही म्हणाल, त्याचं आम्हाला काय? कारण सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये या विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी नियमांत एक शब्द वाढवला. वंश, वर्ण, धर्म, लिंग अशी यादी अमेरिकेतल्या प्रत्येक विद्यापीठाकडे असते. ब्रँडाइसने त्या यादीत ‘जात’ लिहिली. आपली जात. त्याआधी अमेरिकेतल्या कोणत्याही विद्यापीठाने हे केलं नव्हतं. हे हार्वर्डला का सुचलं नाही? जिथे बाबासाहेब शिकले त्या कोलंबियाला का सुचलं नाही? एका उपनगरातल्या लहानशा विद्यापीठालाच का सुचलं?

माझं उत्तर असं : दारावरून परत पाठवलं जाणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते विद्यापीठ काढलं होतं. मला आज एवढंच सांगायचं आहे. पण ते नीट सांगायचं, तर शंभर वर्षं मागे जावं लागेल.

ज्यू म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला अलिबाग-रेवदंड्याचे शनिवार तेली आठवतात. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल. धर्मावरून त्यांचा इथे छळ झाला नाही. म्हणून ज्यूंना दाराबाहेर ठेवलं जाई ही गोष्ट आपल्याला वाचूनच समजून घ्यावी लागते.

१९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष होते लॉरेन्स लोवेल. तेव्हा तिथे पाच विद्यार्थ्यांमागे एकाहून थोडे अधिक ज्यू होते. पूर्व युरोपातून आलेल्या शिंप्यांची, फेरीवाल्यांची, दुकानदारांची ही मुलं. परीक्षेत गुण मिळवून आलेली. लोवेल यांना ही संख्या खटकली आणि ज्यूंचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास रोखावं असा विचार त्यांनी मांडला. प्राध्यापकांनी उघड मर्यादा घालायला नकार दिला. मग काय झालं? अर्ज बदलला. वंश कोणता, धर्म कोणता, आईचं माहेरचं नाव काय, वडिलांचा जन्म कुठला. आणि पुढे आणखी एक प्रश्न : जन्मापासून तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का?

या शेवटच्या प्रश्नापाशी जरा थांबू या. नाव बदलून कुणी आत शिरेल, ही भीती त्या प्रश्नात आहे. या सभागृहात बसलेल्या किती जणांना हा प्रश्न ओळखीचा वाटतो? नाव सांगितल्यावर समोरचा माणूस घटकाभर थांबतो आणि विचारतो, ‘पूर्ण नाव?’ मग विचारतो, ‘मूळचे कुठले?’ हार्वर्डने तोच प्रश्न छापील कागदावर घेतला, एवढाच फरक. पुढे अर्जासोबत छायाचित्र मागू लागले आणि गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ तपासू लागले. चारित्र्य ही अशी गोष्ट की तिचं मोजमाप मागता येत नाही आणि नाकारलेल्याला अपीलही करता येत नाही. कोलंबियातही अशाच वाटांनी ज्यूंचं प्रमाण काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं. १९३५ साली न्यूयॉर्कच्या एका ज्यू मुलाला कोलंबियाने या मर्यादेपायी प्रवेश दिला नाही. तो एमआयटीत गेला. त्याचं नाव रिचर्ड फाइनमन. पुढे त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण माझा जीव फाइनमनसाठी तुटत नाही, त्याला दुसरं दार मिळालं. ज्यांना दुसरं दार मिळालं नाही त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत.

आता कोलंबियाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथे होते. त्यांचे अर्थशास्त्राचे गुरू होते एडविन सेलिग्मन. बाबासाहेबांना त्यांच्याविषयी फार आदर होता. हे सेलिग्मन मोठ्या ज्यू सावकारी घराण्यातले. १८७७ साली त्यांचे वडील जोसेफ सेलिग्मन न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा या हवापालटाच्या ठिकाणी सहकुटुंब गेले, आणि ‘आम्ही ज्यूंना खोली देत नाही’ म्हणून तिथल्या बड्या हॉटेलने त्यांना परत पाठवलं. अमेरिकेच्या सरकारला यादवी युद्धात पैसा उभा करून देणारा हा माणूस! तेव्हा एडविन सोळा वर्षांचे होते. आणि त्यांचा शिष्य पदव्या घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा एका पारशी वसतिगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. गुरूचं घराणं आणि शिष्य, दोघांनाही निवारा नाकारला गेला. गुरू-शिष्यांचं कधी याबद्दल बोलणं झालं असेल का?

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. ९ मे १९१६. त्या दिवशी कोलंबियात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. गोल्डनवायझरही ज्यूच, कीव्हहून आलेले. त्या निबंधात बाबासाहेबांनी आपल्या ज्ञानकोशकार केतकरांचा दाखला देऊन बजावलं होतं की, हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. आणि त्याच दिवसांत वॉशिंग्टनमध्ये काय चाललं होतं? राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी लुई ब्रँडाइस या ज्यू वकिलाला सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश म्हणून नेमायचं ठरवलं होतं आणि सिनेटमध्ये त्यावरून चार महिने घमासान सुरू होतं. १ जून १९१६ ला त्यांची नेमणूक मंजूर झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले ज्यू न्यायाधीश. कामगार स्त्रियांच्या कामाच्या तासांसाठी न्यायालयात लढलेले, मक्तेदारीवर तुटून पडलेले. खासगीपणाच्या हक्कावरचा त्यांचा १८९० चा लेख आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या निकालात विचारात घेतला. ते १९४१ साली वारले. सात वर्षांनी वॉल्थममध्ये त्यांच्या नावाचं विद्यापीठ सुरू झालं.

आता त्या विद्यापीठाकडे येऊ. वॉल्थममध्ये मिडलसेक्स नावाचं वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय शिक्षण देणारं महाविद्यालय होतं. जॉन हॉल स्मिथ नावाच्या डॉक्टरांनी ते उभं केलं होतं. ज्यूंना तिथे मर्यादा नव्हती, पण वैद्यकीय व्यवसायाच्या संघटनेने त्याला मान्यता दिली नाही. संस्था डबघाईला आली. डॉक्टरांच्या मुलाने १९४६ साली, जमीन आणि पदव्या देण्याचा सरकारी परवाना, दोन्ही ज्यू मंडळींपुढे ठेवली. ज्यूंनी चालवलेलं, पण सगळ्यांना खुलं असलेलं विद्यापीठ काढायचा विचार न्यूयॉर्कचे धर्मगुरू इस्रायल गोल्डस्टीन करत होतेच. आइन्स्टाइन यांनी आपलं नाव देऊ केलं. पण वर्षभरात मतभेद झाले, आधी गोल्डस्टीन बाहेर पडले, मग आइन्स्टाइन. पुढे विद्यापीठाने मानद पदवी देऊ केली, तीही आइन्स्टाइन यांनी घेतली नाही. संस्था काढताना भांडणं होतात. आपल्या शिक्षणसंस्थांचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हे नवल वाटणार नाही.

जागा मिळाली, नाव मिळालं. पण पैसा? सरकारचं पाठबळ नव्हतं. शंभर वर्षांत तयार झालेली माजी विद्यार्थ्यांची फळीही नव्हती. पहिले अध्यक्ष अब्राम साखार वीस वर्षं त्या खुर्चीवर होते आणि त्यातला मोठा काळ वर्गणी मागत देशभर फिरण्यात गेला. ग्रंथालय कुठे होतं? घोड्यांच्या जुन्या तबेल्यात. त्यात ठेवायची पुस्तकं कुणी आणली? बोस्टनमधल्या आठ बायकांनी १९४८ साली एक समिती काढली. सभासद वर्गणी गोळा करायची, लोकांच्या घरातली वापरलेली पुस्तकं आणायची, विकायची आणि त्या पैशातून ग्रंथालयासाठी नवी घ्यायची. गावोगाव शाखा झाल्या. यातल्या कित्येक बायका स्वतः कधी विद्यापीठाची पायरी चढल्या नव्हत्या. मला हे वाचताना साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटील आठवल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या या पत्नीने गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. संस्थेच्या इतिहासात अध्यक्षांची तैलचित्रं असतात. या बायकांची असायला हवीत.

आणि काळही पाहा. १९४६ सालीच मुंबईत, लष्कराच्या रिकाम्या झालेल्या बरॅकींत, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग. प्रवेश सर्व जातींना. तिकडे तबेला, इकडे बरॅक. दोन्हीकडे विचार एकच : आम्हाला बाहेर ठेवलं म्हणून आम्ही कुणाला बाहेर ठेवणार नाही. साखार यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला जे नाव दिलं त्याचा आशय असा, की इतकी शतकं दुसऱ्यांच्या घरी पाहुणे होतो, आता यजमान झालो.

यजमानाने घर कसं बांधलं? ब्रँडाइसच्या आवारात १९५५ साली तीन प्रार्थनागृहं उभी राहिली. एक ज्यूंचं, एक कॅथलिकांचं, एक प्रॉटेस्टंटांचं. वास्तुकार मॅक्स अब्रामोविट्झ यांनी ती एका तळ्याभोवती अशी मांडली की एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये. प्रॉटेस्टंट प्रार्थनागृहाला नाव कुणाचं? न्यायमूर्ती हार्लन यांचं. १८९६ साली रेल्वेत काळ्या-गोऱ्यांना वेगळे डबे ठेवणं कायदेशीर आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा एकट्याने त्याविरुद्ध मत नोंदवणारे हार्लन. ज्यूंनी काढलेल्या विद्यापीठातल्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाला काळ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या न्यायाधीशाचं नाव. मला वाटतं, त्या विद्यापीठाचं सगळं धोरण या एका इमारतीत वाचता येतं.

अभ्यासक्रमांचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची यादी माहितीपत्रकात मिळते. सुरुवातीपासून भर होता मानव्यविद्या, समाजशास्त्रं, विज्ञान आणि कला अशा चौफेर शिक्षणावर. लिओनार्ड बर्नस्टाइनसारखा संगीतकार तिथे शिकवायला आला आणि १९५२ च्या पहिल्या पदवीदान समारंभाच्या वेळी त्याची नवी संगीतिका तिथेच सादर झाली. मानसशास्त्र अब्राहम मॅस्लो यांनी शिकवलं. एलिनॉर रूझवेल्ट आधी विश्वस्त होत्या, मग आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या वर्गावर येऊ लागल्या. हर्बर्ट मार्क्यूझ यांच्या वर्गात अँजेला डेव्हिस शिकली. १९५७ साली तरुण मार्टिन ल्यूथर किंग तिथे अहिंसेवर बोलून गेले. १९५८ पासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी वीन शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५९ मध्ये समाजकल्याणाच्या धोरणांसाठी हेलर स्कूल निघालं, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे. विज्ञानाबद्दल एकच सांगतो. १९७४ मध्ये जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबाश असे दोन जण तिथे रुजू झाले. फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीला दिवस-रात्रीचा हिशेब कसा कळतो, याचा शोध घेत ते वर्षानुवर्षं बसले. १९८४ साली त्यांनी त्या हिशेबामागचं जनुक वेगळं काढलं. आपल्या सगळ्यांच्या शरीरातलं घड्याळ त्याच तत्त्वावर चालतं. २०१७ चं नोबेल मायकेल यंग यांच्यासोबत त्या दोघांना मिळालं. रॉसबाश यांचे आईवडील १९३८ साली नाझी जर्मनीतून जीव वाचवून आले होते.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, सगळं छानच होतं. पण तसं नाही, आणि माझ्या दृष्टीने या कथेतला महत्त्वाचा भाग इथेच सुरू होतो.

‘आम्ही कुणाची जात-धर्म विचारत नाही’, या तत्त्वावर ब्रँडाइस उभं राहिलं. १९४८ साली तो न्यायच होता. पण वीस वर्षांनी आवारात पाहिलं तर कृष्णवर्णीय मुलं किती? मोजकीच. दार उघडं होतं, पण दारापर्यंत यायला रस्ता कुठे होता? १९६८ मध्ये विद्यापीठाने एक योजना सुरू केली. गरीब वस्त्यांतल्या, शाळा चांगली न मिळालेल्या, पण हुशार मुलांना वर्षभर पूर्वतयारीचं शिक्षण आणि मग पुढचा अभ्यासक्रम.  पण मुलांना ती पुरेशी वाटली नाही. ८ जानेवारी १९६९ ला सत्तरच्या आसपास कृष्णवर्णीय विद्यार्थी फोर्ड हॉल या इमारतीत शिरले आणि आतून दारं लावून घेतली. इमारतीला त्यांनी माल्कम एक्स विद्यापीठ असं नाव दिलं. दहा मागण्या केल्या : आमच्या इतिहासाचा विभाग हवा, आमचे प्राध्यापक हवेत, शिष्यवृत्त्या हव्यात. अकरा दिवस ते आत होते. अध्यक्ष मॉरिस अब्राम यांनी सगळ्या मागण्या मान्य केल्या नाहीत, पण पोलीसही बोलावले नाहीत. त्याच वर्षी आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासाचा विभाग स्थापन झाला. पॉली मरे या कृष्णवर्णीय विदुषी त्या सुमारास तिथे शिकवत होत्या, वंशाचा अन्याय आणि स्त्रीवरचा अन्याय एकत्र पाहायला शिकवणाऱ्या.

यातून काय निघतं? न विचारणं पुरत नाही. आपल्याकडच्या अर्जात जात विचारतात आणि काही मंडळी म्हणतात की बघा, अर्जातून जात काढली की जात जाईल. मी म्हणतो, हार्वर्डनेही विचारलं आणि आपल्या राज्यघटनेनेही विचारायला लावलं. एकाने बाहेर काढण्यासाठी विचारलं, दुसऱ्याने आत घेण्यासाठी. प्रश्नाचे शब्द एक असले तरी हेतू उलटे आहेत, आणि हेतू न पाहता नुसते शब्द पाहणारा माणूस बाहेर ठेवणाऱ्याच्याच कामी येतो.

आता हेलर स्कूल. तिथल्या लॉरेन्स सायमन यांच्या पुढाकाराने २०१५ साली ब्रँडाइसमध्ये डॉ. आंबेडकरांच्या अपूर्ण राहिलेल्या कार्यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दलित अभ्यासक आले, बोलले. जात सातासमुद्रापार गेली आहे. वसतिगृहाच्या खोलीत, प्रयोगशाळेत, भारतीय विद्यार्थ्यांच्या गप्पांत ती आहे. पण तक्रार करायची कुठे? नियमांच्या यादीत तो शब्दच नव्हता. अधिकाऱ्याला जात म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर तो काय चौकशी करणार? डिसेंबर २०१९ मध्ये तो शब्द यादीत आला. २०२० पासून तिथून जात आणि सामाजिक बहिष्करणावरचं एक नियतकालिकही निघू लागलं. पुढे कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०२२ साली आपल्या तेवीसही आवारांत जातीचा शब्द घेतला, ब्राऊनने घेतला, फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने कायदा केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं, तेव्हा मात्र राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते फेटाळलं. अशा तरतुदींना विरोध करणाऱ्यांत आपलीही माणसं होती, आणि हे मला या व्यासपीठावरून सांगावंसं वाटतं. परदेशात वंशभेदाविरुद्ध बोलायचं आणि जातीचं नाव निघालं की ‘आमच्या धर्माची बदनामी’ म्हणायचं, हे सुशिक्षितांना शोभत नाही.

ब्रँडाइसचं कौतुक करताना मी डोळे मिटून घेतलेले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये, गाझातलं युद्ध पेटलेलं असताना, पॅलेस्टाइनच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका विद्यार्थी संघटनेची मान्यता या विद्यापीठाने काढून घेतली. विद्यापीठाची स्वतःची कारणं होती, पण मला तो निर्णय पटलेला नाही. ज्यांचं नाव त्या विद्यापीठाला आहे, त्या न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी १९२७ सालच्या एका निकालपत्रात मांडलं होतं की, घातक बोलण्यावर उपाय म्हणजे आणखी बोलणं, तोंड बंद करणं नव्हे. दारावरून परत गेलेल्यांच्या वारसांनाही दार लावून घ्यायचा मोह होतो. म्हणून अशा संस्थेला जागं ठेवण्याचं काम तिथल्या विद्यार्थ्यांनाच करावं लागतं, १९६९ सारखं.

शेवटी आपल्याकडे येतो. आज पुण्या-मुंबईच्या वेशीवर, डोंगरउतारांवर, महामार्गांलगत खासगी विद्यापीठं उभी आहेत. काचेच्या इमारती, मोठी मैदानं, वातानुकूलित वर्ग. मी त्यांच्या विरोधात नाही. खासगी विद्यापीठ म्हणजे श्रीमंतांचंच, असं कुठे लिहिलेलं नाही. तसं असतं, तर तबेल्यात ग्रंथालय उघडणारं ब्रँडाइस झालंच नसतं. खासगी संस्थांतही मागासवर्गीयांच्या प्रवेशाची तरतूद करण्याचा अधिकार २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीने सरकारला दिला आहे. पण कायद्याची वाट न पाहता करण्यासारखंही पुष्कळ आहे, आणि ते तुम्हा-आम्हाला मागता येतं.

पुढच्या जूनमध्ये मुलाचा किंवा मुलीचा हात धरून अशा एखाद्या विद्यापीठात प्रवेशासाठी जाल, तेव्हा वसतिगृह आणि प्लेसमेंटची चौकशी जरूर करा. पण त्यासोबत आणखी तीन गोष्टी विचारा. पूर्ण शुल्कमाफी मिळालेले विद्यार्थी गेल्या वर्षी किती होते? ग्रामीण आणि वंचित मुलांसाठी पूर्वतयारीचं वर्ष आहे का? आणि जातीवरून त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची, त्या माणसाचं नाव काय? तुमच्या मुलाला याची गरज नसेल, तरी विचारा. आणि उत्तर लेखी मागा.